विमानांच्या ऑर्डरी बारा वर्षांच्या आहेत, त्यांच्या भरवशावर लहान कारखान्याने मशीन घ्यावे का?

भोसरीकर

नमस्कार मंडळी,

भोसरीच्या एमआयडीसीत माझा सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. दुचाकी आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांना लागणारे ॲल्युमिनियमचे आणि पोलादाचे भाग आम्ही सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर करून देतो. काम पुष्कळ आहे, परंतु दरवर्षी दर खाली आणण्याचा तगादा असतो आणि विजेवरच्या गाड्यांमुळे आमचे काही भाग पुढे लागणारच नाहीत, हेही दिसू लागले आहे. त्यामुळे विमानांच्या सुट्या भागांकडे वळावे असे मनात आहे. मशीन विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी तर पाच अक्षांच्या, म्हणजे एकाच पकडीत अनेक बाजूंनी कोरणाऱ्या, मशीनचे कोटेशन देऊनच गेला. त्याचे म्हणणे असे की, विमानांच्या ऑर्डरी बारा वर्षांच्या भरलेल्या आहेत आणि कर्ज सातच वर्षांचे आहे, मग काळजी कसली?

मी स्वतः आकडे पाहिले, तेव्हा त्याचे बोलणे वरवर तरी खोटे वाटले नाही. २०२४ च्या अखेरीस एअरबसकडे ८,६५८ विमानांच्या ऑर्डरी शिल्लक होत्या आणि त्या वर्षात तिने ७६६ विमाने सुपूर्द केली. बोइंगकडे साडेपाच हजारांहून अधिक ऑर्डरी शिल्लक होत्या आणि तिने ३४८ विमाने दिली. दोन्ही मिळून भागाकार केला तर बारा-तेरा वर्षांचे काम होते. आपल्याकडे इंडिगोने जून २०२३ मध्ये एकाच वेळी ५०० विमानांची मागणी नोंदवली, त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० विमानांची घोषणा केली आणि जानेवारी २०२४ मध्ये अकासाने आणखी १५० मागवली.

माझ्या शंका अशा आहेत. गिऱ्हाईक दाराशी उभे असताना या कंपन्या उत्पादन दुप्पट का करत नाहीत? दोघींना जमत नसेल तर तिसरी कंपनी का उभी राहत नाही? मालवाहू विमानांची मागणी वेगळी मोजायची की याच हिशेबात धरायची? आणि मुख्य म्हणजे, माझ्यासारख्याने या आकड्याकडे पाहून कर्ज काढावे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तुलूझवासी

मी फ्रान्समध्ये विमान-उद्योगाच्या पुरवठा साखळीत नियोजनाचे काम करतो. आपल्या पहिल्या दोन शंकांबद्दल लिहितो, बाकीच्या इतरांवर सोडतो.

विमान ज्याला आपण कारखाना म्हणतो तिथे बनत नाही, तिथे ते जोडले जाते. एअरबसच्या ए३२० कुटुंबाच्या विमानांची जोडणी तुलूझ, हॅम्बर्ग, चीनमधील तिआनजिन आणि अमेरिकेतील मोबिल येथे होते. पंख वेल्समधील ब्रॉटन येथून येतात, धडाचे भाग आणखी कुठून येतात, इंजिने तिसरीकडून येतात, आणि आसने व स्वच्छतागृहे स्वतंत्र कंपन्यांकडून येतात. बोइंगच्या ७३७ चे जवळजवळ संपूर्ण धड कॅन्सस राज्यातील विचिटा येथे तयार होऊन रेल्वेच्या उघड्या वाघिणीवरून रेंटनच्या जोडणी कारखान्यात जाते. जोडणीच्या शेडमध्ये आणखी एक रांग टाकणे तुलनेने सोपे आहे आणि एअरबसने तशा रांगा टाकल्याही आहेत. परंतु महिन्याला किती विमाने बाहेर पडतील हे शेडच्या आकारावर ठरत नाही, तर हजारो पुरवठादारांपैकी जो सर्वांत मागे आहे त्याच्यावर ठरते.

सध्या तो मागे पडलेला भाग बहुतेक वेळा इंजिन असते. ए३२० निओ या नव्या आवृत्तीला दोनच प्रकारची इंजिने चालतात, सीएफएमचे लीप किंवा प्रॅट अँड व्हिटनीचे गिअर असलेले टर्बोफॅन, आणि ७३७ मॅक्सला तर फक्त लीप. जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीने जाहीर केले की, काही वर्षे वापरलेल्या धातूच्या भुकटीत अशुद्धी होती आणि त्या भुकटीपासून बनलेल्या फिरत्या चकत्या मुदतीआधी तपासाव्या लागतील. तपासणी म्हणजे इंजिन पंखाखालून उतरवणे, पूर्ण खोलणे, चकती तपासणे, लागल्यास बदलणे आणि पुन्हा जोडणे. त्यामुळे शेकडो विमाने जमिनीवर बसली, इंडिगोचीच सत्तरहून अधिक विमाने एका टप्प्यावर उभी होती, आणि नव्या विमानांसाठी बनणारी काही इंजिने उभ्या असलेल्या विमानांकडे वळवावी लागली. जून २०२५ च्या अखेरीस एअरबसकडे साठ विमाने इंजिनाविना तयार उभी होती. वरात सजलेली आणि नवरदेवाचा घोडाच आलेला नाही, अशी ती अवस्था. अशा विमानाचे शेवटचे मोठे देयक सुपूर्द करतानाच मिळते, तोपर्यंत त्यात गुंतलेला पैसा उत्पादकाच्या डोक्यावर असतो.

इंजिनाचे उत्पादन तरी का वाढत नाही, हा पुढचा प्रश्न येईल. टर्बाइनची पाती एकाच स्फटिकाच्या ओतकामातून तयार होतात आणि ते ओतकाम व मोठे फोर्जिंग (तापलेला धातू दाबून घडवणे) करणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यांनी नवी भट्टी टाकायची ठरवली तरी तिच्यातून निघालेला माल मान्य होईपर्यंत वर्षे जातात. त्यातच करोनाच्या काळात अनुभवी कामगार निवृत्ती घेऊन गेले. ओतकामातली खोट डोळ्याने ओळखणारा माणूस भरतीची जाहिरात देऊन मिळत नाही.

बोइंगची गोष्ट निराळी आहे. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधील दोन मॅक्स अपघातांत ३४६ माणसे गेली आणि विमान जगभर जमिनीवर आले. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्सचे दाराच्या जागी बसवलेले झाकण हवेत निखळले, तेव्हा अमेरिकेच्या नियामकाने मॅक्सचे उत्पादन महिन्याला ३८ वर बांधून टाकले. ही मर्यादा ऑक्टोबर २०२५ मध्ये ४२ झाली. २०१९ च्या अपघातापूर्वी हाच दर महिन्याला ५२ होता. म्हणजे इथे मागणी आहे, शेड आहे, विमानांची धडेही आहेत, परंतु सरकारची परवानगी नाही, आणि माझ्या मते ती नव्हती हेच योग्य होते. २०२४ च्या शरद ऋतूत सुमारे ३३,००० कामगारांचा संप झाला, त्यामुळे त्या वर्षाचा ३४८ हा आकडा मुळातच आजारी वर्षाचा आहे. त्याने भागाकार केला तर रांग आहे त्याहून लांब दिसते.

तिसऱ्या कंपनीबद्दल थोडक्यात सांगतो. जपानच्या मित्सुबिशीने २००८ मध्ये प्रादेशिक जेटचा प्रकल्प हाती घेतला, २०१५ मध्ये विमान उडवले आणि प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वीच फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. पैसा, शिस्त आणि धातुकाम यांपैकी जपानकडे काय कमी होते? कॅनडाच्या बॉम्बार्डियरने उत्तम विमान बनवले, पण त्या खर्चाने कंपनीच वाकली आणि २०१८ मध्ये तो कार्यक्रम एअरबसच्या हाती गेला. तेच आजचे ए२२०. चीनचे सी९१९ मे २०२३ पासून प्रवासी वाहू लागले आहे, मात्र त्याच्या पंखाखालीही लीपच आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने काही आठवडे त्या इंजिनांची निर्यात थांबवली, तेव्हा या स्वावलंबनाची मर्यादा सर्वांना दिसली. तिसरा खेळाडू आला तरी तो त्याच फोर्जिंगच्या दुकानासमोर रांगेत उभा राहणार आहे.

हप्तेवाला

मी विमानांच्या भाडेपट्टीच्या व्यवहारात काम करतो. तुलूझवासी यांनी उत्पादनाची बाजू उत्तम मांडली आहे. मी मागणीच्या बाजूबद्दल लिहितो, कारण भोसरीकरांचा भागाकार अंशाच्या जागीही सैल आहे.

विमानाची ऑर्डर म्हणजे आपण दुकानात पैसे मोजून पावती घेतो तसा प्रकार नाही. सुरुवातीला किमतीच्या मानाने लहान रक्कम भरली जाते, मोठे हप्ते विमान हाती येण्याच्या साधारण दोन वर्षे आधी सुरू होतात आणि बाकीची रक्कम ताबा घेताना दिली जाते. ताबा घेतानाही विमान कंपनी बहुधा स्वतःचे पैसे घालत नाही. ती त्याच दिवशी विमान भाडेपट्टी कंपनीला विकते आणि तिच्याकडूनच भाड्याने घेते. जगातील प्रवासी विमानांपैकी जवळजवळ निम्मी अशी भाड्याची आहेत आणि या धंद्याचे मोठे केंद्र आयर्लंडमध्ये आहे. आता गुजरातेतल्या गिफ्ट सिटीतही असे व्यवहार होऊ लागले आहेत.

या पद्धतीमुळे ऑर्डर नोंदवणे हे बरेचदा रांगेतली जागा धरून ठेवणे असते. रांग जितकी लांब, तितकी जागा आधी धरण्याची घाई, आणि त्या घाईने रांग आणखी लांब. इंडिगोची ती ५०० विमाने २०३० ते २०३५ या काळात यायची आहेत. दहा वर्षांनंतर तिकिटाला किती गिऱ्हाईक असेल, इंधन काय भावाने असेल आणि रुपया कुठे असेल हे आज कोणीही सांगू शकत नाही. तरीही जागा धरली नाही तर त्या वर्षी विमानच मिळणार नाही, म्हणून ती धरली जाते.

धरलेल्या जागा सुटतातही. किंगफिशरने पाच ए३८० मागवली होती, त्यांतले एकही आले नाही आणि २०१२ मध्ये कंपनीच थांबली. पुढे २०२१ मध्ये ए३८० चे उत्पादनही बंद झाले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली तेव्हा तिच्या नावावर दोनशेहून अधिक मॅक्सची मागणी नोंदलेली होती. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा इंजिनांअभावी तिचा निम्मा ताफा उभा होता आणि पुढची विमाने कागदावर शिल्लक होती. या तिन्ही कंपन्या मुंबईच्या विमानतळावर नित्य दिसत असत. ऑर्डरींची यादी भक्कम असते हे मला मान्य आहे, कारण एकाने सोडलेली जागा घ्यायला दुसरा तयार असतो. पण ती जागा त्याच वर्षी, त्याच प्रकारच्या विमानासाठी आणि त्याच इंजिनासाठी भरली जाईल असे नसते. आपला भाग ज्या प्रकारात बसतो, त्यावर सारे अवलंबून आहे.

पुढील वीस वर्षांत जगाला ४३,००० हून अधिक नवी विमाने लागतील असे दोन्ही उत्पादक आपापल्या अहवालांत सांगतात. विकणाऱ्याचा अंदाज म्हणून तो वाचावा. तरी त्यातला एक भाग मला विश्वासार्ह वाटतो. त्यातील निम्म्याच्या आसपास विमाने वाढीसाठी नसून जुन्यांच्या जागी यायची आहेत, आणि जुनी विमाने इंधन जास्त पितात ही गोष्ट कोणत्याही मंदीने बदलत नाही.

सहार कार्गो

मालवाहतुकीबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. मी मुंबईहून हवाई मार्गाने माल पाठवण्याच्या व्यवसायात आहे.

मालवाहू विमानांची मागणी वेगळी मोजू नये आणि प्रवासी विमानांच्या हिशेबात सरळ मिसळूही नये, कारण जगातील हवाई मालापैकी सुमारे निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. मावळातले गुलाब फेब्रुवारीच्या आरंभी परदेशी जातात किंवा एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या लंडनला आणि आखाताकडे जातात, तेव्हा त्यांतला बराच माल प्रवाशांच्या पायांखालीच असतो. मार्च २०२० मध्ये प्रवासी उड्डाणे थांबली तेव्हा आंब्याचा हंगाम तोंडावर होता आणि ही पोटातली जागा रातोरात नाहीशी झाली. दर कित्येक पटींनी चढले. त्या दिवसांत प्रवासी विमानांच्या आसनांवर खोकी बांधून नेण्याचीही वेळ आली. ज्याने तो हंगाम पाहिला आहे, त्याला मालवाहू विमान आणि प्रवासी विमान या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत असे कोणी पटवून देऊ शकणार नाही.

निव्वळ मालवाहू विमाने दोन वाटांनी येतात. एक म्हणजे कारखान्यातून तशीच बनून. ७४७ मालिकेतले शेवटचे, १,५७४ वे विमान जानेवारी २०२३ च्या अखेरीस ॲटलास या अमेरिकी मालवाहू कंपनीला मिळाले आणि नाकाचे दार उघडून लांबलचक यंत्रे आत घेणारे नवे विमान मिळणे त्या दिवशी संपले. आता नवी मिळतात ती मुख्यतः ७७७ आणि ७६७ ची मालवाहू रूपे. यांनाही मुदत आहे. कार्बन उत्सर्जनाच्या आंतरराष्ट्रीय निकषात न बसणारी जुन्या रचनेची विमाने २०२८ पासून सवलत मिळाल्याशिवाय बनवता येणार नाहीत. त्यांच्या जागी यायची ती एअरबसची ए३५०एफ २०२७ च्या उत्तरार्धावर गेली आहे आणि बोइंगची ७७७-८एफ त्याच्याही पुढे.

दुसरी वाट जुन्या प्रवासी विमानाचे रूपांतर करण्याची. पंधरा-वीस वर्षे उडालेले विमान घ्यायचे, आसने आणि खिडक्या काढायच्या, डाव्या बाजूला धडात मोठे दार कापायचे, फरशी आणि तिच्याखालच्या तुळया मजबूत करायच्या, आणि वैमानिकांच्या मागे अशी भिंत बसवायची की धडकेत माल पुढे येऊ नये. इंडिगोची ए३२१ मालवाहू विमाने अशीच रूपांतरित आहेत आणि एकेक विमान सुमारे २७ टन माल नेते. ही वाट स्वस्त आहे, परंतु तिला कच्चा माल म्हणून जुने विमान लागते. इथे तुलूझवासी यांनी सांगितलेली अडचण आमच्याकडे पोहोचते. नवे विमान वेळेवर आले नाही की विमान कंपनी जुने सोडत नाही, आणि जुने सुटले नाही की रूपांतराला काही मिळत नाही, किंवा मिळते ते महाग मिळते. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिलला एमडी-११ या जुन्या मालवाहू विमानाचा अपघात झाल्यावर त्या प्रकारची विमाने जमिनीवर आणण्यात आली, त्यामुळे मोठ्या मालवाहू विमानांची चणचण आणखी जाणवली.

भोसरीकरांच्या दृष्टीने यात एक काम दडलेले आहे. रूपांतराला दर विमानामागे कंस, तुळया, कड्या, रुळांचे तुकडे असे पुष्कळ यंत्रभाग लागतात आणि त्यांचे लॉट लहान असतात. मोठ्या पुरवठादाराला असले लॉट नकोसे वाटतात.

ओझरकर

आपण स्वतःच प्रवासी विमान का बनवत नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. कानपूरला बनलेले पहिले एचएस-७४८, ज्याला सगळे ॲव्हरो म्हणत, १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. त्यांतली बहुतेक हवाई दलाकडे गेली आणि काही इंडियन एअरलाइन्सने वापरली. त्यानंतर जेटचा टप्पा आपण गाठला नाही. ओझरला लढाऊ विमाने बनली, पण तिथे गिऱ्हाईक एकच आणि किंमत ठरवण्याची पद्धतही निराळी. प्रवासी विमानात दर महिन्याला ठरलेली संख्या, ठरलेल्या किमतीत, वीस वर्षे द्यावी लागते. उलट एचएएल या सरकारी विमान कंपनीने बंगळूरुला ए३२० चे पुढचे प्रवासी दार कित्येक वर्षे बनवून दिले आहे. दाराचे काम जमते हे सिद्ध झाले आहे, आणि लहान कारखान्याने त्याच पातळीवर विचार करावा.

उद्यमबागकर

बेळगावात आमचे यंत्रभागांचे युनिट आहे. आम्ही वाहनांच्या कामातून विमानांच्या कामात आलो, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. वरच्या मंडळींनी सावधगिरीचा सूर लावला आहे. मी मात्र म्हणेन की या कामात जरूर यावे, फक्त बारा वर्षांच्या यादीकडे पाहून येऊ नये.

काम भारतात येते आहे, यात शंका नाही. एअरबस आणि बोइंग या दोघी दरवर्षी प्रत्येकी एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा माल व सेवा भारतातून घेतात. आपल्या शेजारीच पाहा. चाकणला जीईचा कारखाना विमान-इंजिनांचे भाग बनवतो, भारत फोर्जने ७३७ साठी टायटॅनियमचे फोर्जिंग दिले आहे आणि नागपूरच्या मिहानमध्ये ७८७ च्या फरशीखालच्या कॉम्पोझिट तुळया तयार होतात. आमच्या बेळगावात तर विमानभागांचे स्वतंत्र विशेष आर्थिक क्षेत्र उभे आहे. मात्र हे पहिल्या आणि दुसऱ्या फळीतले, म्हणजे विमान बनवणाऱ्यांना थेट किंवा एका टप्प्याने माल देणारे, पुरवठादार आहेत. आपण आणि मी तिसऱ्या-चौथ्या फळीत बसतो आणि आपले गिऱ्हाईक तुलूझला किंवा सिएटलला नसून बंगळूरु, हैदराबाद किंवा बेळगावात असते.

आता कारखान्याच्या आतले सांगतो. मशीन ही सर्वांत सोपी खरेदी आहे. एएस ९१०० हे विमान-उद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र कागदोपत्री वर्षभरात होऊ शकते, पण सवय लागायला जास्त वेळ लागतो. वाहनाच्या कामात सळई संपली की शेजारच्या रॅकवरची सळई लावून पाळी पूर्ण करतो. इथे तसे केले तर संपूर्ण लॉट बाद होतो, जरी दोन्ही सळया एकाच दर्जाच्या असल्या तरी, कारण प्रत्येक तुकड्यावर त्याचा हीट नंबर, म्हणजे धातू ज्या ओतणीतून आला तिचा क्रमांक, असतो आणि तो नंबर गिरणीच्या दाखल्यापासून तयार भागाच्या पेटीपर्यंत अखंड जावा लागतो. आमच्याकडे सळई कापली की उरलेल्या तुकड्यावर आधी नंबर ठोकतात आणि मगच तो रॅकवर जातो. ठोकायचा राहिला तर तुकडा थेट भंगारात. पहिला भाग तयार झाला की ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला क्रमांक देऊन त्याचा अहवाल करावा लागतो. हाताच्या पंजाएवढ्या कंसाच्या अहवालात शंभरावर ओळी होतात. तो मान्य झाल्यानंतर हत्यार, प्रोग्रॅम किंवा मशीनची जागा बदलली तरी गिऱ्हाईकाला कळवावे लागते.

कच्च्या मालाचा हिशेबही वेगळा आहे. जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेल्या भागात कित्येकदा नव्वद टक्के धातू किसात जातो. ठोकळा मान्यताप्राप्त गिरणीचाच लागतो, तो बहुधा आयात होतो आणि त्याचा किमान लॉट मोठा असतो. त्यामुळे पहिल्याच बैठकीत विचारायचा प्रश्न दराचा नाही. धातू कोणाच्या नावावर येणार, हा आहे.

आणि मंदीचा फटका कुठे बसतो, तेही लक्षात घ्यावे. जानेवारी २०२० मध्ये बोइंगने मॅक्सचे उत्पादन थांबवले, तेव्हा विचिटातल्या धड बनवणाऱ्या स्पिरिट कंपनीने त्याच महिन्यात २,८०० कामगारांना कमी केले. ती तर पहिल्या फळीतली मोठी कंपनी होती. पाठोपाठ करोना आला आणि एअरबसने ए३२० चा दर महिन्याला साठच्या आसपास होता तो चाळीसवर आणला. ऑर्डरींच्या यादीत त्याही वर्षी हजारो विमाने होतीच. यादी जागेवर राहिली आणि तिसऱ्या फळीतल्यांची कामे थांबली, कारण वरच्या प्रत्येक फळीने आधी स्वतःचा साठा संपवला आणि मगच खाली मागणी पाठवली. दर वाढतानाही असेच उलटे होते. वरचा प्रत्येक जण थोडा जास्तीचा साठा मागतो आणि आपल्याला खऱ्या मागणीपेक्षा मोठा आकडा दिसतो. म्हणून मी वर्षाचा शिल्लक आकडा पाहत नाही, महिन्याचा जोडणीचा दर पाहतो आणि तोही सहा-आठ महिने पुढे सरकवून. एअरबसने २०२७ मध्ये ए३२० चा दर महिन्याला ७५ वर नेण्याचे ठरवले होते. मी माझ्या मशीनचे तास त्यावर मोजत नाही, आज प्रत्यक्ष किती विमाने बाहेर पडतात त्यावर मोजतो.

भोसरीकर

सर्वांचे मनापासून आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. उद्यमबागकर, आणखी एक विचारतो. ओळखीच्या एका दुसऱ्या फळीतल्या कंपनीने पाच वर्षांचा अंदाज लेखी देण्याची तयारी दाखवली आहे. तो बँकेला दाखवता येईल का? आणि पाच अक्षांचे मशीन घ्यायचे नसेल तर सुरुवात कशाने करावी?

हप्तेवाला

बँकेच्या बाजूचे मी सांगतो. अंदाजपत्रक आणि पक्की खरेदी ऑर्डर यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे आणि कर्ज मंजूर करणारा अधिकारी ते जाणतो. त्या पत्रात किमान संख्येची हमी असेल किंवा ऑर्डर कमी केल्यास तयार आणि अर्ध्या तयार मालाचे पैसे देण्याची अट असेल, तरच त्याला वजन येते. धातूच्या भावाप्रमाणे आणि डॉलरच्या दराप्रमाणे किंमत बदलण्याचे कलमही मागावे. विमानाचे करार लांब असतात, आणि एकदा ठरलेला दर दहा वर्षे तसाच राहून नुकसान सोसणारे पुरवठादार परदेशातही आहेत.

उद्यमबागकर

हप्तेवाला यांच्या म्हणण्याशी सहमत आहे. सुरुवातीबद्दल माझा अनुभव असा की, उडणाऱ्या भागांच्या आधी न उडणारे भाग घ्यावेत. जोडणीच्या वेळी भाग जागेवर धरून ठेवणारी जिग आणि फिक्स्चर, भोके पाडण्याचे साचे, इंजिन किंवा दार वाहून नेण्याचे स्टँड, ही कामे बंगळूरु आणि हैदराबादच्या कंपन्या बाहेर देतात. त्यांत माप तेवढेच कडक असते, मान्यतेचे कागद मात्र पुष्कळ कमी. आपल्या आहे त्या चार अक्षांच्या मशीनवर आणि सीएमएम या मापे तपासण्याच्या एका चांगल्या यंत्रावर त्यांतले बरेच काम निघते. वाहनांचे काम लगेच सोडू नका, विमानांचा वाटा पहिली काही वर्षे एकूण उलाढालीच्या पाचव्या भागाच्या आत असलेला बरा. मशीनचा निर्णय पहिला उडणारा भाग मान्य झाल्यावर घ्यावा, कारण तेव्हाच गिऱ्हाईक आपल्याला पुढचे कोणते भाग देणार आणि त्यांना खरोखर पाचवा अक्ष लागतो का, हे कळते.

दर देण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. ॲनोडायझिंग, उष्णताप्रक्रिया आणि भेगांची तपासणी ही कामे नॅडकॅप (अशा विशेष प्रक्रियांसाठीची विमान-उद्योगाची मान्यता) असलेल्या ठिकाणीच करावी लागतात. अशी जवळची जागा कोणती, ती लहान लॉट घेते का आणि जाऊन-येऊन किती दिवस लागतात, हे फोन करून विचारा. लहान लॉटला किमान आकार लावतात, आणि भाग लहान असेल तर तो आकार मशीनिंगच्या खर्चापेक्षाही जास्त भरतो.